कर्ण्याचं गणित

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा चौदा हजारांवर प्रतिनिधी आले होते. असहकाराच्या ठरावावर इथे शिक्कामोर्तब झालं. अध्यक्षस्थानी सी. विजयराघवाचारी, व्यासपीठावर गांधी, चित्तरंजन दास, जिना असे दिग्गज. पण मंडपात ध्वनिक्षेपक नव्हता. ज्याचा आवाज खणखणीत, त्याचं भाषण मागच्या रांगेपर्यंत पोचायचं. बाकीच्यांचं लोक वर्तमानपत्रात वाचायचे. त्याच शहरात १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रचंड समुदायापुढे बोलले. प्रकृती पार ढासळलेली होती, तरी भाषण दीर्घ झालं. मधल्या ३६ वर्षांत सभेच्या मैदानात मायक्रोफोन आणि कर्णा येऊन ठेपले होते. स्वातंत्र्य चळवळीच्या सभांना नानिक मोटवाने यांच्या ‘शिकागो रेडिओ’ने लाउडस्पीकर पुरवले, या मोटवाने घराण्याचा कारखाना पुढे नाशिक रोडला उभा राहिला. विजेच्या खांबावर, देवळाच्या शिखराखाली, प्रचाराच्या जीपवर बांधलेला करड्या रंगाचा भोंगा त्यानंतर गावोगाव इतका रुळला, की त्याचा आकार तसाच का, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही.

तो आकार ठरवणं हे जवळपास शंभर वर्षं निम्मं गणित आणि निम्मी सुतारकी होती. लाकूड कापायचं, पत्रा वळवायचा, वाजवून बघायचं, पुन्हा कापायचं. आता पहिला कर्णा संगणकाच्या पडद्यावर ‘वाजतो’, आणि लाकडाला करवत लागते ती नंतर. हा बदल निव्वळ सोयीचा नाही. आवाज किती मोठा करायचा, हा जुना प्रश्न बाजूला पडला आहे. तो कुठे जाऊ द्यायचा आणि कुठे नाही, हा नवा प्रश्न या सॉफ्टवेअरमुळे सोडवण्याजोगा झाला आहे.

जड पडदा, हलकी हवा

स्पीकरचा पडदा जड आणि हवा हलकी, ही सगळ्या अडचणींच्या मुळाशी असलेली गोष्ट. उघड्यावर हलणारा कागदी कोन बरीचशी शक्ती स्वतःलाच हलवण्यात घालवतो. घरगुती स्पीकरला दिलेल्या विजेपैकी साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी भाग आवाज होऊन बाहेर पडतो, उरलेली वीज व्हॉइस कॉइल तापवते. पडद्यापुढे अरुंद गळा आणि हळूहळू रुंदावत जाणारी नळी ठेवली, की गळ्यातल्या हवेवर दाब वाढतो आणि पडद्याला ढकलायला काहीतरी ‘मिळतं’. अशा रचनेची कार्यक्षमता मधल्या स्वरपट्ट्यात २५ टक्क्यांच्या आसपास जाऊ शकते.

त्यात दिशेचाही फायदा असतो. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर घरगुती स्पीकर ९० डेसिबलच्या जवळपास वाजतो, तर चांगलं कॉम्प्रेशन ड्रायव्हर, म्हणजे कर्ण्याच्या गळ्याशी बसणारं आवाजाचं युनिट, कर्ण्यावर चढवलं की ११० पर्यंत जातं. हा २० डेसिबलचा फरक शक्तीच्या भाषेत शंभरपट आहे. म्हणूनच ६ ऑगस्ट १९२६ ला न्यूयॉर्कमध्ये ‘डॉन जुआन’ हा व्हिटाफोन पद्धतीने आवाज जोडलेला चित्रपट लागला, तेव्हा मोजक्या वॅटच्या अँप्लिफायरवर अख्खं थिएटर भरलं. त्या काळात वेंट आणि थुरास या अभियंत्यांनी घडवलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ५५५ क्रमांकाच्या ड्रायव्हरला आजही जुन्या यंत्रांचे शौकीन जिवापाड जपतात. आपल्याकडे १९३१ च्या ‘आलम आरा’पासून आणि १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’पासून बोलपट सुरू झाले, तेही अशाच कर्ण्यांच्या काळात.

वेबस्टरचं समीकरण आणि खांबावरचा भोंगा

कर्ण्याचं गणित आर्थर गॉर्डन वेबस्टर या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. त्याचा निबंध १९१९ मध्ये छापला गेला, पण त्या समीकरणाची बीजं अठराव्या शतकात डॅनियल बर्नूली आणि लाग्रांज यांच्या लेखनात सापडतात. वेबस्टरने एक धाडसी सोपेपणा पत्करला: नळीच्या आत ध्वनीची लहर सपाट चकतीसारखी पुढे सरकते, असं मानायचं. मग प्रत्येक अंतरावर नळीचं क्षेत्रफळ किती, एवढं कळलं तरी उत्तर निघतं.

त्या उत्तरात निर्मात्याला घाम फोडणारे आकडे आहेत. क्षेत्रफळ चक्रवाढीने वाढत जाणारा, म्हणजे ‘एक्स्पोनेन्शियल’ कर्णा १०० हर्ट्झपर्यंत उतरवायचा, तर दर १९ सेंटिमीटरला त्याचं क्षेत्रफळ दुप्पट व्हायला हवं, त्याहून झपाट्याने नाही. तोंडाचा परीघ त्या स्वराच्या तरंगलांबीएवढा, म्हणजे सुमारे ३.४ मीटर असावा. त्यासाठी व्यास १.१ मीटर लागतो. अडीच सेंटिमीटरच्या गळ्यापासून तिथवर पोचायला नळी दोन मीटरहून लांब होते. ५० हर्ट्झ गाठायचे, तर तोंडाचा व्यासच २.२ मीटर. एवढं धूड खांबावर कोण चढवणार?

म्हणून खांबावरचा भोंगा घडी घातलेला असतो. आवाज आधी पुढे, मग मागे, मग पुन्हा पुढे असा वळणं घेत बाहेर येतो. त्याच्या तोंडाचा व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर परीघ सव्वा मीटरच्या घरात येतो आणि खालची मर्यादा २७० हर्ट्झच्या आसपास थांबते. माणसाच्या बोलण्यातले शब्द ओळखू येण्याजोगा भाग बहुतेक त्याच्या वरच असतो. त्यामुळे मतदारयादीची घोषणा स्पष्ट कळते, पण तबल्याचा बायां गायब होतो आणि गाणं नाकात म्हटल्यासारखं ऐकू येतं.

पडद्यावरचा कारखाना

हे समीकरण हाताने सोडवणं किचकट. ऑस्ट्रेलियातल्या डेव्हिड मॅकबीन यांनी लिहिलेला ‘हॉर्नरिस्प’ हा विनामूल्य प्रोग्रॅम नेमकं तेच काम करतो. दिसायला तो जुन्या बँकेच्या फॉर्मसारखा: रकाने आणि आकडे. गळ्याचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये, तोंडाचं क्षेत्रफळ, मधली लांबी, फुलण्याची पद्धत. मग ड्रायव्हरची जन्मकुंडली: पडद्याचं वस्तुमान, लवचीकता, चुंबकाचं बळ, कॉइलचा रोध. हे गुणांक नेव्हिल थिएल आणि रिचर्ड स्मॉल यांच्या नावाने ओळखले जातात. आणखी एका रकान्यात कर्णा कुठे ठेवला आहे ते सांगायचं: हवेत टांगलेला, जमिनीवर, भिंतीला लागून, की कोपऱ्यात. पॉल क्लिप्शने १९४० च्या दशकात खोलीचा कोपराच कर्ण्याचा शेवटचा भाग म्हणून वापरला. त्याची ती युक्ती इथे एक आकडा बदलून तपासता येते.

गंमत सुरू होते ती आकड्यांशी खेळताना. गळा ५ चौरस सेंटिमीटर, तोंड ९,५०० चौरस सेंटिमीटर आणि लांबी २०७ सेंटिमीटर दिली, तर मर्यादा १०० हर्ट्झवर बसते. बॉक्स टेम्पोत मावत नाही म्हणून लांबी १२० सेंटिमीटर केली, की तीच मर्यादा १७० हर्ट्झच्या वर सरकते. तोंड लहान केलं, तर आलेखावर उंटाच्या पाठीसारखे उंचवटे उठतात, कारण लहान तोंडाशी आवाजाचा काही भाग परतून आत जातो. पूर्वी हे कळायला प्लायवुडचे दोन-तीन ताव वाया जायचे. आता कारागीर स्पीकरच्या पडद्याचं सरकणं किती होतं, तेही त्याच खिडकीत बघतो. कारण मर्यादेखालच्या स्वरांना कर्ण्याचा आधार सुटतो, पडदा मोकाट धावतो आणि युनिट ‘उडतं’.

एक गोची मात्र आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळशा स्वस्त युनिटांबरोबर हे गुणांक येतच नाहीत, किंवा येतात ते दुसऱ्याच मालाचे. अशा वेळी रोध मोजणारी साधी जोडणी करून ते स्वतः काढावे लागतात. चुकीचा आकडा दिला, तरी प्रोग्रॅम तितक्याच सफाईने आलेख काढून देतो.

सपाट लहर कुठे फसते

वेबस्टरची सपाट चकती कमी स्वरांसाठी ठीक. पण कर्णा पटकन उघडला किंवा स्वर उंच गेला, की लहर वाकते आणि हे गणित मुकं होतं. शिवाय एक्स्पोनेन्शियल कर्ण्याचा दुसरा दोष श्रोत्यांना ठाऊक असतो: समोर बसलेल्याला झांजा चिरत जातात आणि बाजूला बसलेल्याला त्या ऐकूच येत नाहीत. डॉन कील या अमेरिकी अभियंत्याने १९७५ मध्ये एक्स्पोनेन्शियल आकारात असं काय पवित्र आहे, असा खोचक सवाल निबंधाच्या शीर्षकातच टाकला आणि सगळ्या स्वरांना सारख्याच कोनात पसरवणाऱ्या कर्ण्यांची वाट मोकळी केली. त्याचा ठोकताळा आजही कामी येतो: कोनाचे अंश, हर्ट्झ आणि तोंडाची मीटरमधली रुंदी यांचा गुणाकार साधारण २५,४०० भरतो. ९० अंशांचा कोन ५०० हर्ट्झपर्यंत टिकवायचा, तर तोंड सुमारे ५६ सेंटिमीटर रुंद हवं. १९८९ मध्ये अर्ल गेडिस यांनी तर कर्ण्याकडे ‘वेव्हगाइड’ म्हणून, म्हणजे लहरीला वाट दाखवणारी भिंत म्हणून बघायला शिकवलं.

ही वाट मोजायला त्रिमितीय गणित लागतं. ‘बाउंडरी एलिमेंट’ पद्धतीत कर्ण्याचा फक्त पृष्ठभाग लहान त्रिकोणांत तोडतात. ‘फायनाइट एलिमेंट’मध्ये आतली हवासुद्धा तोडावी लागते. पहिल्या पद्धतीसाठी यॉर्ग पान्झर यांचे एबेक आणि अकाबाक हे प्रोग्रॅम प्रसिद्ध आहेत; दुसरीसाठी मोठ्या कंपन्या स्वीडनमध्ये जन्मलेलं कॉमसोल वापरतात. तरंगलांबीमागे किमान सहा तुकडे, असा संकेत. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेतीन सेंटिमीटरची, म्हणजे तुकडा पाच-सहा मिलिमीटरचा. स्वर दुप्पट केला की पहिल्या पद्धतीत तुकडे चौपट आणि संगणकाला लागणारी स्मृती सोळापट होते. म्हणून अनुभवी माणूस कर्ण्याचा एकच पाव भाग रेखाटतो आणि उरलेला सममितीवर सोडतो.

मैदान, थंडी आणि मे महिना

एक कर्णा बरा झाला, तरी मैदान उरतंच. त्यासाठी वेगळी सॉफ्टवेअरं आहेत. बर्लिनच्या वोल्फगांग आनर्ट यांचं ‘ईझ’ १९९० मध्ये आलं. आता लाइन अॅरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या स्पीकरांची रांग, बनवणारी प्रत्येक मोठी कंपनी स्वतःचा प्रोग्रॅम देते. नागपूरच्या कस्तुरचंद पार्कसारख्या मैदानाचा आराखडा टाकायचा, स्पीकर टांगायचे आणि कुठल्या रांगेत किती डेसिबल पडतात ते रंगांत बघायचं.

नागपुरात या आराखड्यात तापमानाचा रकाना विसरून चालत नाही. हिवाळ्याच्या रात्री १२ अंशांना आवाज सेकंदाला सुमारे ३३८ मीटर धावतो, मे महिन्यात ४५ अंशांना ३५७ मीटर. व्यासपीठापासून ६० मीटरवर उभ्या केलेल्या मागच्या स्पीकर टॉवरला, पुढचा आवाज तिथे पोचण्याशी जुळावं म्हणून, हिवाळ्यात १७७ मिलिसेकंद उशीर द्यावा लागतो, तर भर उन्हात १६८. तापमान आवाजाला वाकवतंही. पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीचा नाट्यहंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंज हे त्याचं केंद्र. उघड्या मंडपात रात्रभर नाटकं रंगतात. थंडीत जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे वर गेलेला आवाज वाकून खाली येतो. नाटकातली लावणी दूरच्या गावात ऐकू येण्यामागे अँप्लिफायरइतकाच या थंडीचाही वाटा असतो.

दोन्ही बाजूंचं एकच गणित

आवाजाचं गणित करणारी देशातली एक मातब्बर संस्था नागपुरातच आहे. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झालेली आणि १९७४ मध्ये ‘नीरी’ झालेली राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निकालानंतर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळासाठी नीरीने राज्यातल्या २७ शहरांच्या गोंगाटाचे नकाशे तयार केले. अंतराबरोबर आवाज कसा घटतो, भिंत तो कसा परतवते, इमारतीमागे सावली कशी पडते, हे नियम कर्णा घडवणाऱ्याला लागतात तेच गोंगाटाचा नकाशा काढणाऱ्यालाही लागतात.

कायद्याचे आकडे २००० सालच्या नियमांत आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. राज्य सरकार वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ही मोजणी ‘ए’ भाराने, म्हणजे कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात हे धरून होते, आणि तो भार ५० हर्ट्झच्या स्वराला ३० डेसिबलची सवलत देतो. डीजेचा जो दणका छातीत बसतो आणि खिडकीची तावदानं हलवतो, तो मीटरवर बराच कमी दिसतो. शिवाय त्या स्वराची तरंगलांबी जवळपास सात मीटर, त्यामुळे ट्रकवर मावणारा कुठलाही कर्णा त्याला एका दिशेला वळवू शकत नाही.

वळवण्याची युक्ती वेगळी आहे. एका बेस बॉक्सच्या मागे १.७ मीटरवर दुसरा ठेवायचा, त्याची पोलॅरिटी उलटी करायची आणि ५ मिलिसेकंद उशीर द्यायचा. पुढच्या बाजूला ५० हर्ट्झला दोघांचा आवाज जुळतो, मागच्या बाजूला एकमेकांना खातो. मे महिन्यातल्या लग्नाच्या वरातीला हाच उशीर ४.८ मिलिसेकंद करावा लागतो. मोकळ्या मैदानात ही जोडी व्यासपीठामागची वस्ती बऱ्यापैकी शांत ठेवते. नागपूरच्या महाल किंवा इतवारीतल्या अरुंद गल्लीत मात्र दोन्ही बाजूंच्या भिंती आवाज परत फेकतात आणि जुळवणी मोडते. सॉफ्टवेअर हे दाखवतं, पण आराखड्यात त्या भिंती कुणी काढल्या असतील तरच. मिरवणुकीचा ट्रक दर वळणावर नव्या भिंतींमध्ये शिरतो, तेव्हा जाणते साउंडवाले आधी मार्गातली सगळ्यात अरुंद जागा निवडतात आणि आकडे त्या जागेसाठी बसवून मगच बॉक्स चढवतात.