हौसेची सोनारी: चांदीचा एक वेढा

धातूचे दागिने स्वहस्ते घडविण्याचा हुन्नर केवळ हौसेखातर शिकू पाहणाऱ्याने आरंभीचे जिन्नस तांब्याचे करावेत आणि मगच चांदीला हात घालावा, असा आमचा अभिप्राय आहे. कारण तांबे स्वस्त असून हातोडीखाली पुष्कळसे चांदीसारखेच वागते.

साध्या वेढ्याचेच घ्या. आतला व्यास १७ मिलिमीटर आणि तारेची जाडी दीड मिलिमीटर असेल, तर दोहोंच्या बेरजेस ३.१४ ने गुणून येणारी सुमारे ५८ मिलिमीटर तार कापावी लागते. नुसत्या आतल्या व्यासाचा हिशेब धरणाऱ्याचा वेढा बोटाला हमखास घट्ट होतो. ठोकल्या-वाकविल्याने धातू कठीण होत जातो, म्हणून त्यास मधूनमधून मंद लाली येईतो तापवून मऊ करावे. ही लाली भर उन्हात दिसत नाही, सबब खोलीत अंधारच बरा.

खरी कसोटी झाळकामाची. सांध्याची टोके इतकी चपखल भिडावीत की त्यांतून उजेडाची रेघही दिसू नये. मग टाकणखार लावून, सांध्यावर डाखाचा, म्हणजे झाळावयाच्या मिश्रधातूचा, तुकडा ठेवून ज्योत अवघ्या वेढ्यावर फिरवावी. वितळलेला डाख उष्णतेकडे धावतो, आणि उतावळ्याने ज्योत डाखावरच रोखली की त्याचा सांध्याबाहेर गोळा होऊन बसतो. दागिन्यांच्या ९२.५ टक्के चांदीत उरलेला अंश बहुधा तांब्याचा असल्याने तापविताना काळिमा येतो, तो तुरटीच्या कढत पाण्यात निघतो. त्या पाण्यात मात्र लोखंडी चिमटा बुडवू नये: पाण्यात उतरलेले तांबे चांदीवर चढते आणि वेढा गुलाबी होऊन बाहेर येतो.