जात्यापाशी मोकळं झालेलं दुःख

मावळातल्या बाईचा दिवस एकेकाळी जात्यावर उजाडायचा. पहाटेच्या अंधारात दोघीजणी समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला हात घालायच्या, जात्याच्या तोंडात मूठमूठ वैरण टाकत पाळी फिरवायच्या. घरातली बाकीची माणसं झोपेत असायची. ‘जात्यावर बसलं की ओवी सुचते’ ही म्हण तिथलीच. सासरचा जाच, मुलगी झाली म्हणून ऐकावे लागलेले टोमणे, माहेरची ओढ, हे सगळं दिवसा तोंडातून काढायची सोय नव्हती. जात्यापाशी ते गाता यायचं.

आघातातून सावरण्यासाठी गाणं, नाच, चित्र, नाट्य यांचा एकत्र वापर करणारी उपचारपद्धती अमेरिकेतल्या लेस्ली कॉलेजात पाओलो क्निल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात घडवली. पुढे नताली रॉजर्स यांनी तिला आपलं वळण दिलं. मोठा धक्का बसलेल्या माणसाला ‘काय झालं ते सांग’ म्हटलं तर अनेकदा शब्दच फुटत नाहीत. अंगाला ताल मिळाला, हाताला काम मिळालं, की हळूहळू वाट होते. जात्यावर हे आपसूक घडत होतं. दगडाच्या घरघरीत श्वासाला लय मिळे. स्वतःचं नाव न घेता सीतेचा वनवास गाता येई आणि ऐकणारीला कळे की हा वनवास कुणाचा आहे. समोरची बाई ओवीची ओळ उचलून धरी, म्हणजे दुःखाला साक्षीदार मिळे.

या ओव्यांचं मोल ओळखलं ते हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी. १९८०च्या दशकात दोघं पुणे जिल्ह्यातल्या डोंगरी गावांमध्ये गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होती. बैठकीत गप्प बसणाऱ्या बाया ओवीचा विषय निघाला की भरभरून बोलतात, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग ओव्या लिहून घेणं सुरू झालं. मुळशी-मावळच्या डोंगरपट्ट्यातून निघालेलं हे काम महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत पोहोचलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीनं सुमारे १२० तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइतवाँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. त्यांचा हा ठेवा २०१७पासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’नं लोकांसमोर आणला आहे.

मला या कामातली सर्वांत मोठी गोष्ट आकड्यांपलीकडची वाटते. एकटी ओवी मन हलकं करायची, पण जाच तसाच राहायचा. उजाडलं की बाई पुन्हा त्याच संसारात मुकाट उभी. संघटनेच्या बैठकीत त्याच ओव्या पुन्हा गायल्या गेल्या, त्यांच्यावर चर्चा झाली. माझं म्हणून जे गिळत आले ते या सगळ्याजणींचं आहे, हे तिथं उमगलं. ‘माझ्याच नशिबी का?’ याच्या जागी ‘आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला हे का येतं?’ असा प्रश्न आला. सावरणं आणि एकमेकींशी जोडलं जाणं ही एकाच कामाची दोन अंगं आहेत, हे इथं स्पष्ट दिसतं.

पिठाची गिरणी आली आणि बायांचे कष्ट वाचले. ते वाचायलाच हवे होते. मात्र त्या कष्टांबरोबर पहाटेची सोबतही गेली, आणि तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. मावळाच्या जखमा मात्र वाढत गेल्या. पवना धरणाखाली जमिनी गेल्या. ९ ऑगस्ट २०११ला पवनेच्या पाण्याच्या जलवाहिनीविरोधात आंदोलन करणाऱ्यांवर बऊरजवळ गोळीबार झाला, तीन माणसं गेली. अशा दुःखाला दवाखाना लागतो, न्यायही लागतो. शिवाय चारचौघांत ते बोलायला जागा लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये तीन हजारांहून अधिक अभ्यास पाहून कलांचा आरोग्याला उपयोग होतो, असा अहवाल दिला. कलांच्या आधारानं सावरण्याचं हे काम मावळात नुसत्या शिबिरांपुरतं राहू नये. वाड्यावस्त्यांवरच्या ज्या म्हाताऱ्यांना अजून ओव्या येतात, त्यांना मानानं बोलवावं. उपचारकांनी त्यांच्यासमोर आधी शिष्य म्हणून बसावं, मग नव्या सुना-लेकींना आपलं दुःख आपल्या चालीत गाऊ द्यावं. मावळाला ही विद्या बाहेरून आणायची नाही, आपल्याच घरातली पुन्हा हाती घ्यायची आहे.