साईडकारची ओळख तिच्या सांध्यांत

जासईहून अटल सेतूवर चढायला वेगळी मार्गिका आहे. शिवडी ते न्हावाशेवा या 21.8 किलोमीटरच्या पुलाचं 12 जानेवारी 2024 रोजी उद्घाटन झालं आणि उरणच्या रस्त्यावरचं हे गाव मुंबईला थेट जोडलं गेलं. मात्र या पुलावर मोटरसायकल, स्कूटर आणि रिक्षा यांना बंदी आहे. मग एखाद्याने साईडकार लावलेली जुनी बीएसए आणली तर? चाकं तीन आहेत, पण ती रिक्षा नाही. तरीही वाट बंदच. मोटार वाहन कायदा, 1988 मधल्या कलम 2(27) नुसार मोटरसायकल म्हणजे दोन चाकांचं वाहन, आणि त्याला जोडलेली, जादा चाक असलेली, सुटी होऊ शकणारी साईडकारही त्यातच धरलेली. तिसरं चाक कायदा मोजतच नाही. साईडकारवाल्याने बेलापूर, वाशी, मानखुर्द असा जुना वळसा घ्यायचा.

कायद्याचा हा हिशेब यंत्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. साईडकार हे वाहन नव्हे. तिला इंजिन नाही, हँडल नाही, बहुतेक वेळा ब्रेकही नाही. एकटी उभी केली तर ती एका बाजूला कलंडते. ती मोटरसायकलला जोडली जाते त्या चार जागांमुळे तिला अर्थ येतो. म्हणून जुनी साईडकार ओळखायची असो की बसवायची असो, जाणकार मिस्त्री आधी तिच्या सांध्यांकडे पाहतो. पेटीचा आकार आणि रंग नंतर.

साईडकारचा उदय मोटरसायकलपाठोपाठच झाला. 1903 च्या सुमारास इंग्लंडात तिची पेटंटं निघू लागली. 1912 मध्ये बर्मिंगहॅमला वॉटसोनियन कंपनी सुरू झाली, आणि 1922 मध्ये ब्लॅकपूलला विल्यम लायन्स आणि विल्यम वॉम्सली या दोघांनी स्वॅलो साईडकार कंपनी काढली. हीच कंपनी पुढे जग्वार मोटारींची झाली. जर्मनीत न्यूरेंबर्गची श्टाइब आणि चेकोस्लोव्हाकियात वेलोरेक्स ही नावं मोठी. दुसऱ्या महायुद्धात तर साईडकार सैन्याचं रोजचं साधन बनली. नॉर्टनच्या 633 सीसी 'बिग फोर'मध्ये साईडकारच्या चाकालाही इंजिनाची ताकद दिलेली होती, म्हणजे चिखलात दोन चाकं ओढणार.

आपल्याकडे साईडकार म्हटलं की डोळ्यांपुढे येते 'शोले'मधली जय-वीरूची गाडी. 1975 च्या या चित्रपटातली मोटरसायकल म्हणजे बीएसए डब्ल्यूएम 20, युद्धकाळातलं 496 सीसीचं साइड-व्हॉल्व्ह इंजिन असलेलं लष्करी मॉडेल. 'ये दोस्ती' गाण्यात साईडकार सुटून वेगळ्या वाटेने जाते आणि पुन्हा येऊन चिकटते. पडद्यावर हे एका क्षणात होतं. गॅरेजमध्ये तीच जोडणी नीट बसवायला अख्खा दिवसही पुरत नाही.

मराठी घरांतली साईडकार मात्र बहुधा स्कूटरची होती. आकुर्डीच्या बजाजची स्कूटर, भांडुपच्या एपीआयची लॅम्ब्रेटा, आणि डाव्या अंगाला पत्र्याची पेटी. पुढे उभं एक पोर, मागच्या सीटवर बाई, पेटीत दुसरं पोर आणि बाजारातली पिशवी. कुर्ल्याला बनणारी प्रीमियर पद्मिनी परवडणारी नव्हती, आणि परवडली तरी वर्षानुवर्षं नंबर लागत नसे. त्या काळात साईडकारची स्कूटर हीच मध्यमवर्गाची मोटार होती. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि पुढच्या काही वर्षांत पेट्या माळ्यावर, गोठ्यात, नाहीतर थेट भंगारात गेल्या. आज जी जुनी साईडकार हाती लागते ती बहुधा अशाच ठिकाणी, आणि मोटरसायकलपासून तुटलेली.

ती कुणाची, हे कसं ओळखायचं? पहिला प्रश्न चाकाच्या बाजूचा. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये वाहतूक डावीकडून, म्हणून साईडकारही डावीकडे. युरोपातल्या बाकीच्या बहुतेक देशांत ती उजवीकडे. चाक पेटीच्या उजव्या अंगाला असेल तर ती साईडकार परदेशी रस्त्यासाठी बनलेली आहे. ती नुसती फिरवून डावीकडे लावता येत नाही, कारण चासीचे दांडे आणि जोडण्यांच्या जागा सगळ्या उलट्या पडतात.

दुसरा पुरावा चाकाचा. 19 इंची चाक असेल तर ब्रिटिश मोटरसायकल किंवा मद्रासची बुलेट. 16 इंची असेल तर जावाच्या घराण्याचा संशय घ्यावा, कारण 1961 पासून मैसूरला बनलेल्या जावालाही हेच चाक होतं. दहा इंची असेल तर स्कूटर, वाद नाही. अर्थात कुणी मागाहून चाक बदललं असेल, म्हणून एकट्या या पुराव्यावर विसंबू नये.

तिसरा, आणि सगळ्यांत खरं बोलणारा पुरावा म्हणजे आटे. नट-बोल्टला ब्रिटिश व्हिटवर्थचा पान्हा चपखल बसला तर मूळ बहुधा इंग्लंडचं. मिलिमीटरचा पान्हा बसला तर जर्मन, चेक, किंवा इथंच कुण्या कारखान्यात बनलेलं. पेटी रंगवली जाते, चाक बदलतं, पण चासीतले आटे सहसा कुणी बदलत नाही. त्यापाठोपाठ क्लॅम्प. क्लॅम्पचा आतला व्यास व्हर्नियरने मोजला की ती कोणत्या जाडीच्या नळीला आवळली होती ते कळतं, आणि नळीवरून मोटरसायकलचा अंदाज बांधता येतो. पुढचा खालचा दांडा हंसाच्या मानेसारखा वळलेला असेल, तर तो सांगाड्याच्या पुढच्या उतरत्या नळीला जाऊन भिडण्यासाठीच तसा केलेला.

पेटी शेवटी तपासावी. लोहचुंबक फिरवला की पोल उघडी पडते: चुंबक चिकटत नाही तिथे एक तर ॲल्युमिनियम आहे, नाहीतर पत्रा सडल्यावर जाड लांबी भरलेली आहे. उरण-जासईच्या खाडीकाठच्या खारट हवेत तळाचा पत्रा आणि नळ्यांची पोकळी आतून आधी खाल्ली जाते, म्हणून चासीची प्रत्येक नळी ठोकून पाहावी. जुन्या ब्रिटिश पेट्यांत पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असतो. लाकूड कुजलं तर पत्रा सरळ दिसूनही पेटी हलते.

ओळख पटली की बसवण्याचं काम. चार जोडण्या हा जुना नियम: दोन खाली, दोन वर. खालच्या दोन ओढ आणि धक्का सोसतात. वरच्या दोन दांड्यांना आटे असतात, ते फिरवून मोटरसायकल किती कलंडवायची हे ठरतं. बीएसए डब्ल्यूएम 20 सारख्या गाड्यांच्या सांगाड्यात साईडकारसाठी मूळचेच कान असतात. बुलेटची गोष्ट वेगळी. तिच्या सांगाड्याची पुढची नळी इंजिनापाशी थांबते आणि इंजिन स्वतःच सांगाड्याचा भाग होतं. म्हणून तिला खालून वेगळी जोड-चासी बनवून घ्यावी लागते. घाईत थेट सांगाड्यावर वेल्डिंग मारणं हा यातला सर्वांत महाग पडणारा प्रकार, कारण जुने सांधे पितळेने जोडलेले असतात आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ते कमजोर होतात.

मग तीन मापं. सपाट फरशी, दोन सरळ पट्ट्या, ओळंबा आणि टेप एवढंच साहित्य. पहिलं माप: साईडकारचं चाक मोटरसायकलच्या मागच्या चाकापेक्षा थोडं पुढे हवं, साधारण 100 ते 250 मिलिमीटर. दुसरं: एक पट्टी मोटरसायकलच्या दोन्ही चाकांना लावून आणि दुसरी साईडकारच्या चाकाला लावून पुढचं आणि मागचं अंतर मोजायचं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा साधारण 12 ते 20 मिलिमीटर कमी हवं. तिसरं: मोटरसायकल साईडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, अंशभर कललेली हवी. चालक बसला आणि रस्त्याचा उतार डावीकडे आला की ती ओळंब्यात येते. मापं चुकली तर गाडी सतत डावीकडे किंवा उजवीकडे ओढते, हात भरून येतात, आणि टायर महिन्याभरात एका बाजूने झिजतो.

मापं बरोबर असूनही ओढ पूर्ण जात नाही, कारण वाहन असमान आहे. दोन बैलांच्या गाडीला एकच बैल जुंपावा तसं हे. वेग वाढवला की साईडकार मागे रेंगाळते आणि हँडल डावीकडे जातं. ब्रेक मारला की तिचं वजन पुढे धावतं आणि गाडी उजवीकडे वळू पाहते. डावीकडच्या वळणावर रिकाम्या साईडकारचं चाक हवेत उचललं जातं, म्हणून शिकताना पेटीत वाळूची गोणी ठेवायची. मोटरसायकलवर जन्म काढलेल्यालाही इथे नव्याने शिकावं लागतं, कारण वळताना गाडी झुकवता येत नाही. साईडकार लावलेल्या इंजिनालाही जादा ओढ द्यावी लागते, त्यासाठी पुढच्या चेन स्प्रॉकेटचे एखाद-दोन दाते कमी करतात.

कागदपत्रांचं प्रकरण आणखी नाजूक. कलम 52 नुसार आरसीमधल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तर मूळ रचनेत बदल करण्याला फारच थोडी जागा उरली. जुलै 2021 च्या नियमांनी पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी दिली, मात्र वाहन मूळ स्वरूपात हवं आणि रोजच्या वापरासाठी नको, ही अट घालून. म्हणजे जी साईडकार त्या मोटरसायकलच्या काळातली, तिच्याच जोडण्यांनी बसलेली आहे, तिची बाजू मजबूत. हेल्मेटचा नियमही बदलला: पूर्वी कलम 129 मध्ये साईडकारमधल्या प्रवाशाला सूट होती, 2019 च्या दुरुस्तीनंतर ती उरली नाही.

म्हणून गावाकडच्या गोठ्यात साईडकार सापडली तर पहिलं काम रंगारी शोधणं नव्हे. तिच्यासोबत पडलेले वाकडे दांडे, गंजके क्लॅम्प, अनोळखी नट भंगारवाल्याला देऊ नयेत. आहेत त्या जागी त्यांचे फोटो काढावेत, प्रत्येकाला चिठ्ठी बांधावी. पेटी कुणीही चांगला डेंटर पुन्हा घडवू शकतो. मूळ जोडण्या मात्र एकदा हरवल्या की त्या साईडकारला तिची मोटरसायकल परत मिळणं जवळजवळ अशक्य होतं, आणि मोटरसायकलशिवाय ती साईडकारच राहत नाही.