पहिली लाट शहराजवळची हवी

भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोसा रेशमाच्या विणकामासाठी ओळखलं जातं. त्याच्या भोवती धानाची शेती, बोड्या (छोटी तळी) आणि मामा (माजी मालगुजारी) तलाव आहेत. समुद्र मात्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. तरीही आज इथल्या एखाद्या तरुणाला किंवा शिक्षक दांपत्याला लाटेवर उभं राहायला शिकावंसं वाटणं अजिबात अशक्य नाही. टोकियोत २०२१ साली झालेल्या ऑलिंपिकमध्ये सर्फिंगचा पहिल्यांदा समावेश झाला आणि मोबाइलच्या पडद्यावर ते घरोघरी पोचलं. विदर्भातली मुलं नोकरीसाठी टोकियोत स्थायिक होत आहेत. तिथल्या एदोगावा या भागात भारतीयांची मोठी वस्ती आहे आणि २०१९ साली तिथल्या स्थानिक सभागृहावर योगेंद्र पुराणिक हे मूळचे पुण्याचे मराठी गृहस्थ निवडून आले. लेकाकडे किंवा बहिणीकडे टोकियोला जायचं आणि दोन दिवस समुद्रावर काढायचे, हा बेत आता स्वप्नरंजन राहिलेला नाही. असा बेत आखताना बहुतेकजण आधी प्रसिद्ध लाटांची नावं शोधतात, आणि चूक तिथेच सुरू होते. माझं म्हणणं असं, की समुद्रापासून दूर वाढलेल्या माणसाने पहिली लाट शहराजवळच्या मवाळ किनाऱ्यावरच घ्यावी. नावाजलेला किनारा त्याच्या उपयोगाचा नाही. जवळचा किनाराही केवळ जवळ आहे म्हणून चालणार नाही.

मवाळ म्हणजे काय, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. लाट किनाऱ्यावर तयार होत नाही. दूर समुद्रात वारा पाण्यावर जोर लावतो, ती ऊर्जा शेकडो किलोमीटर प्रवास करते आणि पाणी उथळ झालं की लाट उंच होऊन फुटते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वा पट उरली, की ती कोसळते. तळ वाळूचा आणि हळूहळू उतरत जाणारा असेल, तर लाट माथ्यावरून फेसाळत सावकाश सांडते. उतार एकदम असेल किंवा खाली खडक असेल, तर तीच लाट वळून दाणकन आपटते. शिवाय लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. उंची दुप्पट झाली की मार चौपट बसतो. कमरेएवढ्या लाटेवर पडलेला माणूस हसत उठतो. डोक्यावरून जाणाऱ्या लाटेखाली सापडलेला नवखा माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला त्या दिवशी काही शिकता येत नाही. या खेळात शिकण्याचा वेळ मुळातच फार तुटपुंजा आहे. तासभर पाण्यात राहिलेला शिकाऊ प्रत्यक्ष फळीवर उभा असतो तो सगळे क्षण मिळून मिनिटभरही नसतो. म्हणून ज्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून पुन्हा पुन्हा प्रयत्न करता येतो, तोच त्याच्यासाठी उत्तम.

टोकियोजवळचा शोनान किनारा या कसोटीला उतरतो. सागामी उपसागराच्या काठाने कामाकुरा, फुजिसावा, चिगासाकी अशी गावं वसलेली आहेत. किनाऱ्याचं तोंड दक्षिणेकडे आहे, पण एका बाजूला इझू आणि दुसऱ्या बाजूला मिउरा व बोसो ही द्वीपकल्पं असल्याने पॅसिफिकचा बराचसा जोर बाहेरच अडतो. ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा इथे झाली नाही, ती चिबातल्या त्सुरिगासाकी या खुल्या महासागराकडे तोंड केलेल्या किनाऱ्यावर झाली. वादळाने लाटा मोठ्या केल्या म्हणून तिथली अंतिम फेरी लवकर उरकण्यात आली. शोनानच्या एनोशिमाला ऑलिंपिकची शिडाच्या नौकांची शर्यत मात्र दोनदा झाली, १९६४ साली आणि २०२१ साली. जगातल्या उत्तम खेळाडूंना जी लाट हवी असते ती शोनानला सहसा नसते, आणि आंधळगावच्या माणसासाठी शोनानची शिफारस मी करतो ती याच कारणाने. फुजिसावाचा कुगेनुमा हा लांबलचक वाळूचा किनारा शिकाऊंनी गजबजलेला असतो. शिंजुकूहून ओदाक्यू रेल्वेने तासा-सव्वातासात काताशे-एनोशिमा स्थानक येतं आणि तिथून किनारा चालत जाण्याइतका जवळ आहे. फळी आणि अंगावरचा रबरी वेटसूट तिथल्या शाळाच भाड्याने देतात, त्यामुळे हातात फक्त टॉवेल आणि कोरडे कपडे.

शहर जवळ असण्याचा फायदा केवळ प्रवासापुरता नाही. समुद्र हा ठरलेल्या दिवशी हजर राहणारा यजमान नव्हे. शोनानला हिवाळ्यात आणि एरवीही कित्येक दिवस पाणी सपाट असतं. दूरच्या बेटावर फक्त लाटांसाठी जाऊन बसलेल्या माणसाचे असे दिवस वाया जातात. टोकियोत नातलगाकडे उतरलेला माणूस मात्र अंदाज बघतो, लाट असेल त्या सकाळी निघतो आणि नसेल तर शहर पाहतो. म्हणजे सर्फिंगचा दिवस आधी ठरवून बाकीचा प्रवास त्याभोवती बांधायचा नाही. आठवडाभराच्या मुक्कामात दोन सकाळी समुद्राच्या सोयीने निवडायच्या. ही मोकळीक शहराजवळच मिळते. त्याशिवाय जीवरक्षक, दवाखाना, इंग्रजी थोडंफार जाणणारा शिक्षक आणि हाताशी रेल्वे या गोष्टी पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्याला लाटेइतक्याच महत्त्वाच्या आहेत.

तारखांचा प्रश्न मात्र बारकाईने सोडवायला हवा, कारण भंडाऱ्याचं वर्ष आणि शोनानचं वर्ष सहज जुळत नाही. जुलैत इथे रोवणी चालू असते. शेतकरी घरातून कोणी हलू शकत नाही. तिकडे जुलै-ऑगस्टमध्ये पाणी सव्वीस अंशांच्या आसपास, म्हणजे सगळ्यात उबदार असतं. पण तोच पोहणाऱ्यांचा हंगाम असल्याने किनाऱ्याचे मोठे भाग दिवसा त्यांच्यासाठी राखून ठेवतात आणि तिथे फळी नेता येत नाही. सप्टेंबर हा तिकडच्या वादळांचा महिना. अनुभवी लोक त्याची वाट पाहतात, शिकाऊने मात्र तेव्हा अंदाज पाहिल्याशिवाय घर सोडू नये. दिवाळीची सुट्टी बरी; वादळं ओसरत आलेली असतात आणि पाणी वीस-बावीस अंशांवर टिकून असतं. धान कापणीला आलेलं असेल त्या घरांना मात्र हीही वेळ अडचणीची. फेब्रुवारीत पाणी चौदा-पंधरा अंशांवर येतं, आपल्याकडच्या माणसाने तेव्हा जाण्यात अर्थ नाही. माझ्या मते विदर्भातल्या कुटुंबासाठी सगळ्यात सोयीचा काळ मेचे मधले दोन आठवडे. एप्रिलच्या अखेरीपासून ५ मेपर्यंतची जपानची सलग सुट्ट्यांची गर्दी तोवर ओसरलेली असते आणि तिकडचा जूनचा पावसाळा सुरू झालेला नसतो. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे घाई नसते, आणि उन्हाळी धान घेतलं नसेल तर शेतातही काम थोडं असतं. पाणी थंडगार असेल, पण पूर्ण बाह्यांच्या वेटसूटमध्ये दोन तासांचा वर्ग आरामात होतो.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे. शहराजवळचा किनाराच हवा, तर मुंबईचा जुहू किंवा आपल्याला त्याहून जवळचं विशाखापट्टणम का नको? नकाशावर अंतर मोजलं तर भंडाऱ्याहून आंध्रचा किनारा सरळ रेषेत सुमारे साडेपाचशे किलोमीटर, तर मुंबई साडेसातशे. आपल्या भागात पडणारं पाणीही वैनगंगेतून प्राणहिता आणि गोदावरीच्या वाटेने बंगालच्या उपसागरालाच मिळतं. पण शहर जवळ असणं ही अट अपुरी आहे. विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर वाळूचा उतार तीव्र आहे, लाट काठाशीच आपटते आणि तिथे माणसं बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. त्याच शहराच्या ऋषिकोंडा किनाऱ्यावर सर्फिंग शिकवलं जातं, पण ते शिक्षकाच्या नजरेखालीच करावं. मुंबईत सांडपाणी समुद्रात जातं. तिथल्या पाण्यात तोंड बुडवून दोन तास खेळावं असा सल्ला कोणाला देता येणार नाही. शोनानलाही नद्या मिळतात आणि जोराच्या पावसानंतर दोन दिवस पाणी गढूळ असतं, तेव्हा थांबावंच लागतं. वाळूचा सौम्य उतार, स्वच्छ पाणी, पहारा आणि शिकवणारी माणसं, या चार गोष्टी शहराशेजारी एकत्र आल्या तरच त्या जवळपणाला किंमत.

दुसरा आक्षेप पैशाचा आणि तो त्याहून वजनदार. भारतातच शिकता येत असताना जपानचा व्हिसा, विमान आणि खर्च कशासाठी? केवळ सर्फिंगसाठी जपानला जावं असं मी म्हणणार नाही. नागपूरहून टोकियोला थेट विमान नाही; दिल्ली किंवा मुंबईहून जावं लागतं. ज्यांचं तिथे कोणी आहे आणि जाणं ठरलेलंच आहे, त्यांच्यासाठी शोनान. बाकीच्यांसाठी हीच कसोटी घेऊन आपल्या किनाऱ्यांकडे पाहावं. चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर कोवलम आहे. मूर्ती मेगवन या मच्छीमार घरातल्या तरुणाच्या धडपडीतून तिथे सर्फिंगची शाळा उभी राहिली आणि कोळ्यांची मुलं शिक्षक झाली. समुद्र ज्यांच्या अंगात भिनला आहे अशांकडून शिकायला मिळणं ही मोठीच गोष्ट. नागपूर-चेन्नई रेल्वेमार्ग असल्याने विदर्भातून जाणंही सोपं. पण दिवाळीत तिकडे ईशान्य मोसमी पाऊस आणि चक्रीवादळांचे दिवस असतात, तेव्हा कोवलम टाळून फेब्रुवारी-मार्चचा विचार करावा. दिवाळीसाठी गोवा बरा. पेडणे तालुक्यातल्या हरमल, मांद्रे, आश्वे या किनाऱ्यांचा उतार मंद आहे, मोपाचा विमानतळ जवळ आहे आणि २००८पासून दृष्टी संस्थेचे जीवरक्षक गोव्याच्या किनाऱ्यांवर तैनात आहेत. पावसाळा संपल्यावर तिथली लाट इतकी लहान होते, की सरावलेले लोक कंटाळतात. शिकाऊला तीच हवी. आपल्या सिंधुदुर्गात तारकर्लीला एमटीडीसीने स्कूबाचं प्रशिक्षण केंद्र उभारलं. सर्फिंगसाठी तसं काही उभं राहिलं तर मराठी मुलांना राज्याबाहेर जावं लागणार नाही, आणि ते राहायला हवं.

तिसरा आक्षेप घरातल्या वडीलधाऱ्यांचा असतो: पोहता येतं ना, मग शिकायचं काय? किंवा उलट, समुद्र म्हणजे जीवाशी खेळ. दोन्हींचं उत्तर एकच आहे. मामा तलावात पोहायला शिकलेला मुलगा चांगला पोहतो, पण ते पाणी थांबलेलं असतं. समुद्रात लाटांबरोबर किनाऱ्याला आलेलं पाणी परत आत जाण्यासाठी वाट काढतं आणि तिथे खेचणारा प्रवाह तयार होतो. बाहेरून पाहिलं तर लाटा फुटत नसलेला तो शांत पट्टा सगळ्यात सुरक्षित वाटतो. धोका नेमका तिथेच असतो. त्या ओढीविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं, किंवा फळीला धरून राहायचं आणि हात वर करायचा, हे पाण्यात उतरण्याआधी पाठ असायला हवं. लाल-पिवळ्या झेंड्यांमधला भाग जीवरक्षकांच्या नजरेखाली असतो, लाल झेंडा म्हणजे उतरायचं नाही. हा नियम गोव्यातही तोच. जपानमध्ये आणखी एक झेंडा ओळखावा लागतो. लाल-पांढऱ्या चौकड्यांचा झेंडा फडकला, की त्सुनामीचा इशारा. ही पद्धत जपानच्या हवामान खात्याने २०२० साली सुरू केली. १९२३च्या भूकंपात शोनानच्या किनाऱ्यावर त्सुनामी आली होती, म्हणून तो झेंडा दिसल्यावर फळी टाकून उंचावर जायचं. जोखीम मान्य करून तिची तयारी करणारा माणूस, समुद्राला नुसता भिणाऱ्यापेक्षा जास्त सुरक्षित असतो.

गर्दीची तक्रारही खरी आहे. शनिवार-रविवारी कुगेनुमाला पाण्यात माणूस लागून माणूस असतो आणि एकाची सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यात बसू शकते. त्यावर उपाय म्हणजे आठवड्यातला कामाचा दिवस, सकाळची वेळ, आठ-नऊ फुटांची मऊ फोमची फळी आणि पायाला बांधलेला दोर. लाट जिथून फुटायला सुरुवात होते त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. त्याच्या वाटेत घुसायचं नाही. जपानी लोक हा शिष्टाचार काटेकोरपणे पाळतात आणि पाहुण्याकडूनही तीच अपेक्षा ठेवतात. शिक्षकाबरोबर असलं की ही बाजू तो सांभाळतो, म्हणून पहिल्या दिवशी एकट्याने फळी भाड्याने घेऊ नये, वर्गच घ्यावा.

तर क्रम असा लागतो. निघण्याआधी तीन-चार महिने भंडारा किंवा नागपूरच्या जलतरण तलावात न थांबता दोनशे मीटर पोहण्याची सवय करावी, आणि घरी जमिनीवर पालथं पडून एका झटक्यात दोन्ही पायांवर उभं राहण्याचा रोज सराव करावा. खांदे आणि पाठ आधी थकतात; धानाच्या बांध्यात कष्ट केलेल्यांना हे त्यामानाने सोपं जाईल. शक्य असेल तर गोव्यात एक-दोन वर्ग करून मग जपानला जावं, कारण तिथला प्रत्येक तास महाग आहे. टोकियोत पोचल्यावर पहिले दोन दिवस मोकळे ठेवावेत; साडेतीन तासांचा घड्याळाचा फरक तेवढ्यात अंगवळणी पडतो. वर्ग ठरवताना लाट नसेल तर तारीख बदलून मिळेल का, हे आधी विचारून घ्यावं. उत्तरेकडून, म्हणजे जमिनीकडून हलका वारा वाहत असेल ती सकाळ निवडावी, कारण तेव्हा लाटेचा पृष्ठभाग नितळ राहतो. दुपारचा दक्षिणेचा वारा पाणी विस्कटून टाकतो. आणि निवडलेल्या सकाळीही समुद्र सपाट निघाला, तर एनोशिमाहून एनोदेनच्या छोट्या गाडीने हासे स्थानकावर उतरावं. कोतोकु-इनमधली तेराव्या शतकातली, सुमारे अकरा मीटर उंचीची बुद्धमूर्ती तिथून काही मिनिटांवर आहे, आणि त्या दिवसाचा वर्ग पुढच्या दिवशी घेता येतो.