घाटाने घडवलेली मोटार

जर्मनीतील स्टुटगार्ट येथे मुख्यालय असलेल्या मर्सिडीज-बेंझ या कंपनीचे नाव भारतात मुख्यतः ऐश्वर्याशी जोडले गेले असले, तरी या कंपनीच्या इतिहासाकडे विज्ञानाच्या अंगाने पाहिले असता निराळेच चित्र दिसते. चढावर थकणारे इंजिन, उतारावर झिजणारे ब्रेक, वळणावर कलंडणारी गाडी आणि धडकेत चेंगरणारा प्रवासी या चार अडचणींवर सव्वाशेहून अधिक वर्षे शोधली गेलेली उत्तरे, हा या मोटारींच्या प्रतिष्ठेचा खरा पाया आहे. सातपुड्यातील चांदसैली, देवगोई किंवा तोरणमाळच्या वाटेने, अथवा धुळे-सुरत महामार्गावरील कोंडाईबारी घाटातून ये-जा करणाऱ्या नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला या चारही अडचणी पुस्तकात वाचाव्या लागत नाहीत, आणि म्हणूनच हा इतिहास त्याच्यासाठी दूरदेशीच्या श्रीमंतीची कहाणी उरत नाही.

कार्ल बेंझ या अभियंत्याने मानहाइम शहरातून २९ जानेवारी १८८६ रोजी पेटंट क्रमांक ३७४३५ साठी अर्ज केला, आणि तोच दिवस आज मोटारीचा जन्मदिवस मानला जातो. त्याच्या तीन चाकी गाडीला ९५४ घन सेंटिमीटर क्षमतेचे एकच सिलिंडर होते, ते मिनिटाला सुमारे ४०० फेरे घेत असे आणि त्याची ताकद पाऊण अश्वशक्ती होती. अश्वशक्ती म्हणजे काम करण्याचा वेग मोजण्याचे एकक असून, ७५ किलो वजन एका सेकंदात एक मीटर उचलण्याइतकी ही ताकद सुमारे ७३६ वॅट भरते. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा जो बाजार भरतो, त्यातले एखादे तगडे जनावर थोडा वेळ याच्या कितीतरी पट जोर लावू शकते. म्हणजे जगातील पहिली मोटार ताकदीच्या बाबतीत एका घोड्याचीही बरोबरी करणारी नव्हती, तिचे मोल तिने कशावर मात केली यात नव्हे, तर ती सुधारत गेली यात होते.

ही सुधारणा कार्लच्या आधी त्याची पत्नी बर्था बेंझ हिने घडवून आणली. लग्नापूर्वीच आपला पैसा त्याच्या उद्योगात गुंतवणाऱ्या बर्थाने ऑगस्ट १८८८ मध्ये, पतीला न सांगता, ऑयगन आणि रिचर्ड या दोन मुलांसह मानहाइमहून फोर्त्सहाइमपर्यंत शंभर किलोमीटरहून अधिक अंतर मोटारीने कापले, आणि यंत्राची खरी परीक्षा कारखान्यात होत नसून रस्त्यावर होते, हे त्या प्रवासाने सिद्ध केले. इंधन संपल्यावर तिने वीसलोख गावातील औषधाच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे द्रावक विकत घेतले, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेने मोकळी केली आणि लाकडी ब्रेकचे ठोकळे झिजल्यावर चर्मकाराकडून त्यांवर चामडे ठोकून घेतले. हा मोटारीच्या ब्रेकला लावलेल्या अस्तराचा सर्वांत जुना ज्ञात वापर म्हणावा लागेल. चढावर मात्र इंजिन हरत असे आणि मुलांना खाली उतरून गाडी ढकलावी लागत असे. परत आल्यावर तिने सुचवल्यावरून बेंझने चढासाठी आणखी एका गिअरची सोय केली. गिअर इंजिनाची ताकद वाढवत नाही, तो चाकांचा वेग कमी करून त्या बदल्यात त्यांना मिळणारा पीळ वाढवतो. घाट लागताच जीपचा चालक खालचा गिअर टाकतो, तेव्हा तो याच तत्त्वाचा उपयोग करत असतो.

स्टुटगार्टजवळच्या कानश्टाट येथे त्याच सुमारास गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख हे दोघे हलक्या व वेगाने फिरणाऱ्या पेट्रोल इंजिनावर काम करत होते. त्यांच्या कंपनीच्या मोटारी फ्रान्समधील नीस येथे राहणारा एमिल येलिनेक हा व्यापारी विकत असे आणि स्वतः शर्यतींतही उतरवत असे. मार्च १९०० मध्ये नीसजवळच्या ला टुर्बी येथील चढाच्या शर्यतीत डाइमलर कंपनीचा विल्हेल्म बाउअर हा चालक वळणावर खडकाला धडकून मरण पावला. गाडी उंच, आखूड आणि वरून जड होती. वळणावर गाडीला बाहेरच्या बाजूस ढकलणारा परिणाम तिच्या गुरुत्वमध्यातून, म्हणजे सगळे वजन ज्या एका बिंदूत एकवटले आहे असे मानता येते त्या बिंदूतून, काम करतो. हा बिंदू जितका उंच आणि चाकांमधील अंतर जितके अरुंद, तितकी गाडी लवकर कलंडते. येलिनेकने लांब, रुंद आणि बुटकी गाडी मागितली, अशा ३६ गाड्यांची मागणी एकदम नोंदवली आणि त्यांना आपल्या मुलीचे, मर्सिडीजचे, नाव देण्याची अट घातली.

मायबाखने डिसेंबर १९०० मध्ये पूर्ण केलेली ३५ अश्वशक्तीची ती गाडी हीच पहिली आधुनिक मोटार, असे अनेक इतिहासकार मानतात, आणि ते मत योग्यच आहे. दाबून घडवलेल्या पोलादाची चौकट, खाली बसवलेले इंजिन आणि हजारो बारीक नळ्यांनी बनलेला, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसणारा रेडिएटर ही तिची वैशिष्ट्ये होती. पाण्याची उष्णता हवेला देण्यासाठी धातूचा पृष्ठभाग जितका जास्त, तितके इंजिन लवकर थंड होते. त्यामुळे चढावर गाडी संथ चालत असतानाही पाणी उकळण्याचा धोका बराच कमी झाला. मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाड्यांनी इतरांना मागे टाकले, १९०२ मध्ये मर्सिडीज हे नाव नोंदले गेले, १९०९ मध्ये जमीन, पाणी आणि हवा या तिन्ही ठिकाणी चालणाऱ्या इंजिनांचे प्रतीक म्हणून तीन टोकांचा तारा नोंदवण्यात आला, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या हलाखीत तग धरण्यासाठी बेंझ व डाइमलर या दोन कंपन्या २८ जून १९२६ रोजी एक झाल्या.

पुढच्या काळातील एक काळे पान मात्र वगळून चालणार नाही. नाझी राजवटीत या कंपनीने नेत्यांसाठी मोठ्या उघड्या मोटारी आणि सैन्यासाठी इंजिने बनवली, आणि दुसऱ्या महायुद्धात तिच्या कारखान्यांत युद्धकैदी, छळछावण्यांतील बंदी व परदेशांतून पकडून आणलेली माणसे जबरदस्तीने राबवली गेली. १९४४ मध्ये तर तिच्या कामगारांपैकी जवळजवळ निम्मे असे वेठीचे होते. कंपनीने हे पुढे स्वतः मान्य केले आहे, आणि तिच्या गौरवाच्या कोणत्याही लेखात याची नोंद असायलाच हवी.

युद्धानंतर या कंपनीचे सर्वांत मोठे योगदान सुरक्षेच्या शास्त्रात झाले आणि त्याचे श्रेय बेला बारेन्यी या अभियंत्याकडे जाते. गाडी जितकी कणखर तितकी सुरक्षित, असे तोपर्यंत सर्वत्र मानले जात असे. बारेन्यीने १९५१ मध्ये नोंदवलेल्या पेटंटात नेमके याच्या उलट मांडले: प्रवासी बसतात तो मधला कोश कणखर असावा, पण पुढचा आणि मागचा भाग धडकेत चुरगळेल असा मुद्दाम बनवावा. ही कल्पना १९५९ च्या मोटारीत प्रत्यक्षात आली आणि त्याच वर्षी कंपनीने मोटारी मुद्दाम आदळून पाहण्याच्या पद्धतशीर चाचण्याही सुरू केल्या.

यामागचे गणित शाळेतल्या भौतिकशास्त्राने सुटते. ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने जाणारी मोटार भिंतीवर आदळून केवळ १० सेंटिमीटरात थांबली, तर वेग एकसारखा घटतो असे धरले असता, आतील माणसावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १४० पट जोर येतो, आणि तो शरीराला सोसवण्याच्या पलीकडचा असतो. तीच मोटार बॉनेटकडचा भाग चुरगळत ६० सेंटिमीटरात थांबली, तर हा जोर सुमारे २४ पटींवर उतरतो; ६० किलो वजनाच्या माणसासाठी तो १,४०० किलो भाराइतका भरतो आणि पट्ट्याने छाती व कमरेवर विभागला गेल्यास माणूस त्यातून वाचू शकतो. अपघातानंतर चुरगळलेली गाडी पाहून हल्लीच्या गाड्यांचा पत्राच कच्चा, असा शेरा अनेकदा ऐकू येतो, परंतु त्या पत्र्याने चुरगळून जी ऊर्जा स्वतःत जिरवली, ती अन्यथा माणसाच्या हाडांत जिरली असती.

१९७८ मध्ये बॉश कंपनीच्या साहाय्याने आलेली एबीएस ही ब्रेकव्यवस्था याच मालिकेतील आहे. जोराने ब्रेक दाबल्यावर चाक फिरायचे थांबून रस्त्यावर घसरू लागले, की स्टिअरिंग वळवूनही गाडी वळत नाही, कारण घसरणारे चाक बाजूने पकड देऊ शकत नाही. एबीएसमध्ये प्रत्येक चाकाचा वेग मोजला जातो आणि चाक अडकू लागताच त्याचा ब्रेक सेकंदात अनेकदा सोडून पुन्हा लावला जातो. याच मोजमापावर आधारलेली आणि गाडी भलत्या दिशेने फिरू लागल्यास एकेका चाकाला स्वतंत्र ब्रेक लावून तिला सावरणारी ईएसपी ही यंत्रणा १९९५ मध्ये कंपनीच्या महागड्या मोटारीत आली. त्यानंतर दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, कंपनीची नवी छोटी ए-क्लास मोटार स्वीडनमधील एका नियतकालिकाने घेतलेल्या चाचणीत, अचानक अडथळा चुकवताना उलटली. उंच गाडी वळणावर कलंडली, म्हणजे ला टुर्बीचाच धडा जवळजवळ शंभर वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला. कंपनीने विक्री थांबवली, गाडीची बैठक सुधारली आणि श्रीमंतांसाठीची ईएसपी यंत्रणा या छोट्या गाडीतही सरसकट बसवली. या नामुष्कीमुळे ती यंत्रणा सामान्य गाड्यांपर्यंत लवकर पोहोचली, हे नाकारता येत नाही.

भारताशी या कंपनीचा संबंध मालमोटारींपासून सुरू झाला. टाटांच्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये डाइमलर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला आणि जमशेदपूरला बनलेले ट्रक १९६९ पर्यंत तारा मिरवत देशभर धावले. मोटारी बनवण्याचे काम १९९५ मध्ये पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्याच आवारात सुरू झाले आणि २००९ मध्ये ते चाकणच्या स्वतंत्र कारखान्यात हलले. तयार मोटारीवर आयात शुल्क फार असल्याने सुटे भाग आणून जोडणी इथे करण्याची पद्धत अवलंबली गेली. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेतील उद्योजकांनी व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज मोटारी एकाच दिवशी घेतल्या, तेव्हा महानगरांबाहेरच्या महाराष्ट्राची क्रयशक्ती देशाच्या लक्षात आली. तरीही २०२४ मध्ये भारतात या कंपनीच्या १९,५६५ मोटारी विकल्या गेल्या, आणि चाळीस लाखांहून अधिक मोटारी खपणाऱ्या बाजारात हा आकडा अर्धा टक्काही होत नाही. तिचा प्रभाव मोजायचा तर तो इतरांच्या गाड्यांत मोजावा लागतो: भारतात एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली, त्यामुळे एकेकाळी केवळ धनिकांच्या गाडीत असणारी ही साधने आज शहादा किंवा नवापूरच्या शोरूममधील सर्वांत स्वस्त मोटारीतही मिळतात.

चाकणच्या कारखान्यात २०२२ पासून ईक्यूएस ही विजेवरची मोटार जोडली जाऊ लागली आणि तिच्यामुळे घाटाचा प्रश्न नव्या रूपात समोर आला. दीड टन वजनाची कोणतीही मोटार ५०० मीटर उंची उतरते, तेव्हा सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावताना तिच्यात जी गतिज ऊर्जा असते, तिच्या ही सुमारे ३५ पट आहे. ही सारी ऊर्जा ब्रेकवर टाकली तर ते तापतात आणि त्यांची पकड सुटते, म्हणूनच डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलवर सोडून घाट उतरणे जिवावर बेतते आणि ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरावे, हा जुन्या चालकांचा नियम भौतिकशास्त्राला धरून ठरतो. विजेच्या मोटारीत उतारावर मोटरच जनित्राचे काम करते आणि या ऊर्जेचा बराचसा भाग बॅटरीत परत जातो. ५०० मीटरच्या उतारातली ऊर्जा सुमारे दोन युनिट विजेइतकी असते.

या सर्व शोधांना एक अट मात्र आहे. गाडीचा पुढचा भाग चुरगळून थांबण्यासाठी जे अंतर मिळवून देतो, त्याचा लाभ गाडीला बांधलेल्या प्रवाशालाच होतो; पट्टा न लावलेला माणूस गाडी थांबत असतानाही पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो आणि समोरच्या आसनावर किंवा काचेवर काही सेंटिमीटरात थांबतो. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचे निधन झाले, तेव्हा ते मर्सिडीज मोटारीतच होते. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते आणि ते दोघेही दगावले, तर पुढचे दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. कायद्याने मागच्या आसनावरही पट्टा सक्तीचा आहे. तेव्हा कोंडाईबारी असो वा चांदसैली, गाडी स्वतःची असो वा भाड्याची, लाखाची असो वा कोटीची, मागे बसणाऱ्या प्रत्येकाने पट्टा लावल्याशिवाय चालकाने गाडी सुरू करू नये.