वीजग्राहकाची सुरक्षा ठेव व देयकातील जमा रक्कम : परताव्याचा हक्क आणि प्रक्रिया

प्रस्तावना :

विजेचे देयक हा प्रत्येक कुटुंबाच्या मासिक खर्चाचा अटळ भाग आहे. देयक थकले तर वीजपुरवठा खंडित होतो, हे लहानथोर सर्वांना ठाऊक असते. परंतु ग्राहकाचेच पैसे वीज कंपनीकडे शिल्लक असतील तर ते कोणत्या नियमाने व कोणत्या मार्गाने परत मिळतात, याविषयी सुशिक्षित कुटुंबांतही पुरेशी माहिती आढळत नाही. घर विकताना, भाड्याचे घर सोडताना किंवा कुटुंबप्रमुखाच्या निधनानंतर हा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा तसाच सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील घरगुती वीजग्राहकाच्या संदर्भात या हक्काचे स्वरूप, त्याची कायदेशीर पार्श्वभूमी आणि प्रत्यक्ष प्रक्रिया स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ग्राहकाच्या जमा रकमेचे प्रकार :

वीज कंपनीकडे असणारी ग्राहकाची रक्कम मुख्यत्वे तीन प्रकारची असते.

पहिला प्रकार सुरक्षा ठेवीचा होय. वीज आधी वापरली जाते व तिचे मूल्य नंतर दिले जाते. या मधल्या काळातील जोखमीसाठी कंपनी ग्राहकाकडून ठेव घेते. दुसरा प्रकार जादा भरण्याचा होय. एकच देयक दोनदा भरले जाणे, मीटरचे वाचन चुकणे किंवा वाचन न घेता सरासरीने देयक आकारले जाणे, यांमुळे ग्राहकाच्या खात्यावर रक्कम जमा राहते. तिसरा प्रकार चुकीच्या दराने झालेल्या आकारणीचा होय. घरगुती वापर असताना वाणिज्यिक दर लावला जाणे, हे याचे ठळक उदाहरण म्हणता येईल.

सरासरी देयकांचा प्रश्न २०२० साली टाळेबंदीच्या काळात राज्यभर चर्चेत आला. मीटर वाचन थांबल्यामुळे काही महिने सरासरीने देयके दिली गेली आणि जूनमध्ये प्रत्यक्ष वाचन झाल्यावर मोठ्या रकमेची देयके ग्राहकांच्या हाती पडली. अशा वेळी एक मुद्दा ध्यानात घेणे आवश्यक असते. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. तीन महिन्यांचा एकूण वापर एकाच महिन्याचा मानला तर ग्राहक विनाकारण वरच्या टप्प्यात जातो. म्हणून दुरुस्ती करताना एकूण युनिट त्या त्या महिन्यांत विभागून प्रत्येक महिन्याला टप्प्यांचा लाभ मिळाला आहे किंवा नाही, हे ग्राहकाने स्वतः पडताळून पाहावे.

कायदेशीर पार्श्वभूमी :

सुरक्षा ठेवीकडे पाहण्याची कायद्याची दृष्टी नेहमीच आजच्यासारखी नव्हती. फेरो अलॉइज कॉर्पोरेशन विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य विद्युत मंडळ या खटल्यात १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, ही ठेव बँकेतील मुदत ठेवीसारखी नसून तिच्यावर व्याज न देण्याची मंडळाची अट अवाजवी म्हणता येत नाही. म्हणजेच व्याज मिळणे अथवा न मिळणे, हे त्या काळी पुरवठ्याच्या अटींवर अवलंबून होते.

विद्युत अधिनियम, २००३ मुळे ही स्थिती बदलली. या अधिनियमाच्या कलम ४७, पोटकलम ४ नुसार वितरण परवानाधारकाने ठेवीवर बँक दराइतके अथवा राज्य विद्युत नियामक आयोग ठरवील त्याप्रमाणे त्याहून अधिक व्याज देणे आणि ठेव देणाऱ्या व्यक्तीने मागणी केल्यावर ती परत करणे बंधनकारक झाले. पोटकलम ५ नुसार प्रीपेड मीटरद्वारे वीज घेण्यास तयार असणाऱ्या ग्राहकाकडून अशी ठेव मागता येत नाही. कलम ६२, पोटकलम ६ नुसार आयोगाने ठरविलेल्या दरापेक्षा जास्त वसूल केलेली रक्कम बँक दराने व्याजासह परत मिळण्यास ग्राहक पात्र ठरतो. हा केंद्रीय कायदा असल्यामुळे महावितरण, मुंबईतील बेस्ट, टाटा पॉवर व अदाणी इलेक्ट्रिसिटी या सर्वांना तो सारखाच लागू आहे.

ठेवीचे परिमाण व व्याज :

ठेव किती असावी, हे महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या विनियमांनी ठरते. २००५ च्या विनियमांनुसार तीन महिन्यांचे सरासरी देयक किंवा देयक कालावधीचे देयक, यांपैकी जे कमी असेल तेवढी ठेव घेता येत होती. मासिक देयक असणाऱ्या कुटुंबासाठी तिचा अर्थ एक महिन्याचे देयक असा होता. २०२१ च्या विनियमांनी मासिक देयकाच्या ग्राहकांसाठी ही मर्यादा सरासरी मासिक देयकाच्या दुप्पट केली. २०२२ साली अनेक घरांत अतिरिक्त सुरक्षा ठेवीची स्वतंत्र देयके आली, त्यामागे हा बदल होता.

ठेवीची फेरगणना दरवर्षी वाढीच्या दिशेनेच होते असे नाही. वापर घटला तर ठेव गरजेपेक्षा जास्त ठरते. उदाहरणार्थ, एखाद्या कुटुंबाची ३,००० रुपये ठेव जमा आहे आणि मुले शिक्षणासाठी परगावी गेल्यामुळे सरासरी देयक ९०० रुपयांवर आले, तर दुपटीच्या नियमाने आवश्यक ठेव १,८०० रुपये होते. उरलेले १,२०० रुपये ही जादा ठेव होय. २००५ च्या विनियमांत अशी जादा ठेव, ती देणाऱ्या व्यक्तीच्या मागणीवरून ३० दिवसांच्या आत, पुढील देयकात वळती करून अथवा धनादेशाने परत करण्याची तरतूद होती. निवड त्या व्यक्तीची होती.

व्याजाची रक्कम लहान भासते, तथापि ती दुर्लक्षणीय नाही. रिझर्व्ह बँकेचा बँक दर २००३ ते २०१२ च्या प्रारंभापर्यंत ६ टक्के होता. त्या दराने ३,००० रुपयांवर वर्षाला १८० रुपये व्याज होते. मे २०२० मध्ये हा दर ४.२५ टक्क्यांवर आला. त्या दराने तेच व्याज १२७ रुपये ५० पैसे भरते. हे व्याज सर्वसाधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यानंतर देयकातून वजा केले जाते. त्या महिन्यांचे देयक बारकाईने वाचणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ठेव व्यक्तीची, थकबाकी वास्तूची :

परताव्याच्या मार्गातील खरी अडचण कायद्याच्या एका शब्दप्रयोगात आहे. ठेव परत मिळते ती 'ठेव देणाऱ्या व्यक्तीला'. आज त्या घरात राहणारी व वर्षानुवर्षे देयक भरणारी व्यक्ती तीच असेल असे नाही.

थकबाकीचा नियम याहून वेगळा आहे. २००५ च्या विनियमांनुसार पूर्वीच्या मालकाची थकबाकी हा त्या जागेवरील बोजा मानला गेला. वारसांखेरीज अन्य नव्या मालकावर ती जबाबदारी कमाल सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती येत असे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली के. सी. निनान विरुद्ध केरळ राज्य विद्युत मंडळ या खटल्यात, नव्या मालकाने जुनी थकबाकी भरण्याची अट नियमांद्वारे घालता येते, हे मान्य केले. थोडक्यात, थकबाकी घरामागे जाते आणि ठेव माणसामागे जाते. घर विकत घेताना वीजजोडणी आपल्या नावावर करून न घेणारा ग्राहक जुन्या देण्याचा धनी होऊ शकतो, परंतु जुन्या ठेवीवर त्याला हक्क सांगता येत नाही. दिवंगत पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावे जोडणी तशीच ठेवणाऱ्या कुटुंबांचीही हीच अवस्था होते.

यावर उपाय साधा आहे. खरेदीच्या वेळी विक्रेत्याचे संमतीपत्र घेऊन नावात बदल करावा आणि ठेव खरेदीदाराकडे वर्ग होणार की विक्रेत्यास परत मिळणार, हे लेखी नमूद करावे. वारसांनी मृत्यूचा दाखला व वारसाहक्काचा पुरावा जोडून नावबदल शक्य तितक्या लवकर करून घ्यावा.

परतावा मिळविण्याची प्रक्रिया :

१. अलीकडचे देयक पाहून ग्राहक क्रमांक, जमा सुरक्षा ठेव व खात्यावरील जमा रक्कम यांची नोंद करावी. ठेवीची मूळ पावती शोधून ठेवावी. पावती गहाळ असल्यास कंपनी हमीपत्र मागू शकते.

२. घर कायमचे सोडत असल्यास कायमस्वरूपी वीजपुरवठा खंडित करण्याचा अर्ज द्यावा. त्या दिवसाचे मीटर वाचन लिहून घ्यावे व शक्य तर मीटरचे छायाचित्र काढावे. अंतिम देयक वजा जाता उरलेली ठेव परत मिळते.

३. परताव्याची मागणी लेखी करावी. रक्कम देयकात वळती हवी की बँक खात्यात, हे स्पष्ट लिहावे, व्याजाचाही उल्लेख करावा आणि अर्जाची पोच घ्यावी.

४. दाद न मिळाल्यास कलम ४२ नुसार स्थापन झालेल्या ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते. त्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास विद्युत लोकपालांकडे निवेदन करता येते. मंचाकडील तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाखल करणे आवश्यक आहे. तोंडी आश्वासनांवर विसंबून हा काळ निघून जाऊ देऊ नये.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे दिसते की, १९९३ साली जे व्याज अटींवर अवलंबून होते, ते २००३ नंतर ग्राहकाचा कायदेशीर हक्क बनले. तथापि ठेवीचा परतावा आपोआप होत नाही. कायद्याने तो 'मागणी'शी जोडला आहे आणि मागणी करण्याचा अधिकार ज्याच्या नावे ठेव आहे त्यालाच दिला आहे. त्यामुळे कागदपत्रे सांभाळणारा, अर्ज लिहू शकणारा ग्राहक हा हक्क वसूल करतो. भाडेकरू, एकाकी वृद्ध व विधवा स्त्रिया मात्र त्यापासून दूर राहण्याची शक्यता अधिक असते. ग्राहक शिक्षणाच्या उपक्रमांत, विशेषतः महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत, वीज देयकाचे वाचन व नावबदलाचा अर्ज या दोन बाबींचा समावेश केल्यास या हक्काचा लाभ खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचू शकेल.