आधी माती की आधी मावळे?

दिवाळीची सुट्टी जवळ आली की शिशुवर्गातल्या मुलांच्या दप्तरात एक झेरॉक्स हमखास सापडते. चार चित्रं, खाली चार चौकोन आणि सूचना : 'क्रमाने आकडे लिहा.' गोष्टीचा क्रम शिकवण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज या एका कागदावर मावतात.

गैरसमज : क्रम शिकवणं म्हणजे चित्रांना आकडे देणं.

आकडे पाठ करता येतात. क्रम मात्र कारणातून कळतो, आणि त्यासाठी मातीच्या किल्ल्यासारखं साधन शोधून सापडणार नाही. दगड-विटा रचल्या, वर पोतं टाकलं, चिखल लिंपला, अळीव पेरले, रोज पाणी शिंपडलं, कोंब आले, मग मावळे बसवले. चिखल मावळ्यांच्या नंतर का नाही, हे चार वर्षांचं पोरही ठणकावून सांगतं : 'गाडले जातील ना!' अळीव अगदी शेवटी पेरले, तर ऐन दिवाळीत गड बोडका. याउलट पणती, रांगोळी, तोरण आणि कंदील यांचा क्रम कोणता? घरोघरी वेगळा. छापील कागदाला मात्र 'बरोबर उत्तर' एकच हवं असतं. डिसेंबरात तर बर्फाच्या बाहुल्याची चित्रं येतात. आपल्याकडच्या बहुतेक मुलांनी बर्फ पाहिलेला असतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर!

गैरसमज : अक्षरं येत नाहीत तोवर लेखन कसलं?

चित्र काढणं, रेघोट्या ओढून 'हे मी लिहिलंय' म्हणणं, मूल सांगेल ते ताईंनी त्याच्याच शब्दांत लिहून घेणं, ही लेखनाचीच सुरुवात आहे. पायाभूत स्तरासाठीचा 2022चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 3 ते 8 वर्षांचा काळ सलग धरतो. म्हणजे बालवाडीत हात वळला नाही, तरी दुसरी इयत्ता संपेपर्यंत अवधी आहे. मुलाने चित्राखाली 'आमी कीला केला' असं लिहिलं, तर त्या दिवशी लाल पेन कपाटात ठेवावं.

गैरसमज : 'आधी' आणि 'नंतर' हे शब्द मुलं बोलतात, म्हणजे त्यांना ते कळतात.

भाषाशास्त्रज्ञ ईव्ह क्लार्क यांनी 1971 साली इंग्रजी बोलणाऱ्या लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाक्यात जे आधी ऐकू येतं तेच आधी घडलं, असं त्यातली बरीच लहान मुलं धरून चालली होती. मराठीतही हे करून पाहण्यासारखं आहे. 'मावळे बसवण्याआधी अळीव पेर' म्हटलं, की लहानग्याचा हात मावळ्यांकडे जाण्याची शक्यता मोठी. 'अळीव पेर, मग मावळे बसव' हे सोपं, कारण बोलणं आणि घडणं एकाच वाटेने जातं. म्हणून सुरुवातीचे बरेच दिवस 'मग' पुरे. 'आधी'ची कोडी नंतर घालावीत.

गैरसमज : चित्रं उलटी लावली, म्हणजे मूल चुकलं.

आधी 'असं का?' विचारावं. विझलेला कंदील पहिला आणि पेटलेला दुसरा ठेवणाऱ्या मुलाच्या घरी वीज गेली असेल, आणि मग आली असेल. कारण जुळत असेल तर क्रम बरोबरच.

गैरसमज : यासाठी दुकानातले संच लागतात.

ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांनी व अनुताई वाघ यांनी शंख-शिंपले, पानं, बिया, खडे अशा परिसरातल्याच वस्तूंमधून बालवाडी उभी केली. आपल्याकडे तर माती फुकट आहे. किल्लाच हवा असंही नाही. गोव्यात नरकासुराचा सांगाडा, त्यात भरलेलं गवत, वर कागद, मुखवटा आणि पहाटेचं दहन ही आयती गोष्ट आहे. ईदचा शीरखुर्माही तसाच. वर्गात ज्या घरांतली मुलं असतील, त्या घरांतले सण घ्यावेत.

पालकांना एक विनंती. यंदा किल्ला होत असताना मोबाइलवर चार फोटो काढा : नुसते दगड, लिंपलेली माती, उगवलेले अळीव आणि बसवलेले मावळे. त्यांच्या प्रिंट मुलाबरोबर शाळेत पाठवा. ताईंनी त्या जमिनीवर विस्कटून ठेवाव्यात, मुलाला लावू द्याव्यात आणि प्रत्येक फोटोनंतर 'मग काय झालं?' एवढंच विचारावं.